परक्या घरची गोष्ट लिहिताना

मैत्रिणींनो, तुमची लेक रात्री जागून काय लिहीत असते, कधी विचारलंत? बहुधा आवडत्या पुस्तकातली पात्रं घेऊन ती स्वतःची गोष्ट रचत असेल. याला ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. १९९७ साली इंग्लंडात हॅरी पॉटरचं पहिलं पुस्तक निघालं आणि पुढे जगभरच्या वाचकांनी त्यावर अशा असंख्य गोष्टी लिहिल्या.

पण गोष्ट इंग्लंडातली आणि लिहिणारी अमेरिकेतली, की गंमत होते. हॅरीची मित्रमंडळी नोव्हेंबरात ‘थँक्सगिव्हिंग’ साजरं करतात. हा अमेरिकन सण इंग्लंडात नाहीच! तळमजल्याला ती ‘पहिला मजला’ म्हणते. ‘पँट्स’ म्हणजे तिच्या मते विजार; इंग्रजांकडे मात्र आतले कपडे! तिचं बिस्किट मऊ पावासारखं, तर इंग्लंडातलं आपल्यासारखंच, चहात बुडवायचं.

यावर या लेखिकांनीच तोड काढली. गोष्ट लोकांपुढे ठेवण्याआधी एखाद्या इंग्रज मैत्रिणीकडून तपासून घ्यायची. याला ‘ब्रिटपिकिंग’ म्हणतात. आपण तांदूळ निवडताना खडे वेचतो ना, तसंच.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा चुकीनं काय बिघडतं? मग हे बघा. त्याच पुस्तकात पार्वती आणि पद्मा या जुळ्या बहिणी आहेत. आडनाव पाटील! पुस्तकात त्या नाचाच्या समारंभाला इतर मुलींसारखेच झगे घालतात, एकीचा भडक गुलाबी, दुसरीचा निळसर हिरवा. २००५च्या चित्रपटात मात्र दोघींना घागरा-ओढणीसारखा पोशाख दिला. मुलगी भारतीय ना, मग झालं! आता कुणी या पाटलांच्या स्वयंपाकघरात रोज पनीरच शिजवलं, तर आपण नाक मुरडूच की नाही? मग आपल्या लेकीच्या गोष्टीतलं लंडन तरी नुसतं धुक्याचं आणि साहेबांचं का असावं?

तेव्हा लेक लिहीत असेल तर रागावू नका. जवळ बसून एवढंच विचारा: ही माणसं सकाळी काय खातात? आईला काय हाक मारतात? सणाला काय करतात? आणि तिथं राहिलेल्या कुणाला हे वाचायला दिलंस का?

अहो, सासरी आल्यावर पहिल्या दिवशी आपणही परक्याच होतो. मिठाचा डबा कुठला, हे विचारूनच घेतलं होतं ना? त्यात कमीपणा नव्हता. लिहिण्यातही नाही.