जिंकले, पण ट्रॉफी ५८ वर्षांनी : दारूच्या गाडीपासून रेसपर्यंत पोहोचलेले वेंडेल स्कॉट

सुरत : नवापूर रेल्वे स्टेशनचा अर्धा भाग महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत. इकडे दारू चालते, तिकडे बंदी. त्यामुळे सीमेवर दारूची गाडी पकडल्याची बातमी सुरत-नंदुरबारच्या वाचकाला नवी नाही. पण अशाच चोरट्या गाड्यांतून अमेरिकेत एक मोठा खेळ वाढला, हे फार जणांना माहीत नसतं.

स्टॉक कार रेस म्हणजे काय?

इथे स्टॉकचा शेअर बाजाराशी संबंध नाही. शोरूममध्ये मिळते तीच गाडी घ्यायची, इंजिन सुधारायचं आणि ट्रॅकवर पळवायची, अशी ही मूळ शर्यत. अमेरिकेत १९२० ते १९३३ देशभर दारूबंदी होती. ती उठली तरी दक्षिणेत कर चुकवून हातभट्टीची दारू निघतच राहिली. पोलिसांना चुकवायचं म्हणून ड्रायव्हर इंजिनं ताकदवान करून घ्यायचे. त्यातले काही जण पुढे रेसमध्ये उतरले. १९४८ मध्ये नॅसकार ही संस्था झाली आणि खेळाला शिस्त आली.

स्कॉट कोण होते?

व्हर्जिनियातल्या डॅनव्हिल गावी १९२१ मध्ये जन्मलेले वेंडेल स्कॉट कृष्णवर्णीय होते. टॅक्सी चालवली, दुसऱ्या महायुद्धात लष्करात मेकॅनिकचं काम केलं, परत आल्यावर दारूच्या खेपाही मारल्या. एकदा पकडलेही गेले. १९५२ मध्ये ते रेसमध्ये आले. काही ठिकाणी रंग पाहून त्यांना दारातूनच परत पाठवलं. पाठीशी मोठी कंपनी नाही. जुनी गाडी स्वतःच दुरुस्त करायची, मदतीला घरचीच पोरं.

त्या दिवशी काय झालं?

१ डिसेंबर १९६३, जॅक्सनव्हिल, फ्लोरिडा. शर्यत २०० फेऱ्यांची होती. स्कॉट सर्वांच्या पुढे होते, तरी विजेता म्हणून बक बेकर या गोऱ्या ड्रायव्हरचं नाव पुकारलं गेलं. स्कॉट यांनी हरकत घेतली. काही तासांनी फेऱ्या पुन्हा मोजल्या, तेव्हा ते दोन फेऱ्यांनी पुढे असल्याचं निघालं. ‘मोजणीत चूक झाली’ असं सांगून विजय त्यांच्या नावावर केला. पण तोपर्यंत प्रेक्षक घरी गेले होते आणि ट्रॉफी बेकर यांच्याकडे होती. आपण काळे असल्यानेच हे घडलं, असं स्कॉट यांचं म्हणणं होतं.

पुढे काय?

वरच्या गटात त्यांनी सुमारे ४९५ शर्यती केल्या. १९७३ मध्ये टॅलाडेगाच्या अपघातात जबर जखमी झाले आणि कारकीर्द जवळपास संपली. १९९० मध्ये त्यांचं निधन झालं. २०१५ मध्ये नॅसकारच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांना स्थान मिळालं, आणि त्या विजयाची ट्रॉफी कुटुंबाच्या हाती आली ती २०२१ मध्ये.

त्याच वर्षी बब्बा वॉलेस वरच्या गटात जिंकणारे दुसरे कृष्णवर्णीय ड्रायव्हर ठरले. मधल्या ५८ वर्षांत तिसरं नाव नाही. कागदावरची चूक संध्याकाळपर्यंत दुरुस्त झाली होती. स्कॉट यांना मात्र चारचौघांत ट्रॉफी उचलायला कधीच मिळाली नाही.