कृत्रिम बुद्धिमत्ता-सुरक्षा संशोधन
संगणकीय प्रणाली अधिकाधिक समर्थ होत असताना त्यांचे वर्तन मानवी हेतूंशी सुसंगत व मानवी नियंत्रणाखाली कसे राहील, याचा अभ्यास करणारी संशोधनशाखा. तिच्या प्रारंभीच्या विकासात नफ्याचा हेतू नसलेल्या संस्थांचा वाटा मोठा आहे.

या प्रश्नाची तात्त्विक मांडणी जुनी आहे. सायबरनेटिक्सचे प्रवर्तक नॉर्बर्ट वीनर (१८९४–१९६४) यांनी १९६० मध्येच असा इशारा दिला होता, की ज्या यंत्राच्या कार्यात वेळेवर हस्तक्षेप करता येत नाही, त्याला दिलेले उद्दिष्ट हेच आपले खरे उद्दिष्ट आहे, याची आधी खात्री करून घ्यावयास हवी. यंत्र आज्ञा मोडते म्हणूनच नव्हे, तर ती शब्दशः पाळते म्हणूनही धोका उद्‌भवतो. उदा., २०१६ मधील एका प्रयोगात नौकाशर्यतीच्या संगणकीय खेळात गुण वाढविण्याचे शिक्षण दिलेल्या प्रणालीने शर्यत पूर्ण केलीच नाही. एकाच जागी गोल फिरून तिने तीच लक्ष्ये पुनःपुन्हा टिपली. नौकेला आग लागली, इतर नौकांशी टकरी झाल्या. तथापि गुण मानवी खेळाडूंपेक्षा सरासरीने सु. २० टक्के अधिक मिळाले.

२००० मध्ये अमेरिकेत एलिएझर युडकोव्स्की व इतरांनी स्थापन केलेली संस्था (२०१३ पासून ‘मशीन इंटेलिजन्स रिसर्च इन्स्टिट्यूट’) ही या क्षेत्रातील आद्य संस्थांपैकी होय. अशा बुद्धिमत्तेचा विकास त्वरेने घडवून आणणे, हा तिचा मूळ उद्देश होता. पुढे त्यातील धोका ध्यानी आल्यावर तिने सुरक्षेच्या गणिती संशोधनास वाहून घेतले. २०२४ मध्ये तिने धोरण व लोकजागृतीवर भर देण्याचे जाहीर केले. ‘मीटर’ ही २०२३ पासून स्वतंत्र असलेली संस्था प्रणालींच्या क्षमतांचे मापन करते. माणसाला किती वेळ लागेल अशी कामे प्रणाली निम्म्या वेळा यशस्वीपणे पार पाडतात, हे तिने तपासले. ही कालमर्यादा सहा वर्षांत दर सु. सात महिन्यांनी दुप्पट होत गेल्याचे २०२५ मध्ये तिने दाखविले.

या संस्थांचे बळ स्वातंत्र्यात, तर दुर्बलता साधनांच्या तुटवड्यात आहे. निधी मोजक्या देणगीदारांकडून येतो आणि अत्याधुनिक प्रणाली तपासण्यासाठी त्या बनविणाऱ्या कंपन्यांच्या संमतीवर बव्हंशी अवलंबून राहावे लागते. २०१५ मध्ये ना-नफा तत्त्वावर निघालेल्या ‘ओपनएआय’ने भांडवलासाठी २०१९ मध्ये मर्यादित नफ्याची उपकंपनी काढली, २०२५ मध्ये तिचे लोकहितार्थ निगमात रूपांतर झाले. निर्मात्याहून वेगळा परीक्षक टिकवून धरणे, हा म्हणूनच या शाखेपुढील तांत्रिक प्रश्नांइतकाच महत्त्वाचा प्रश्न ठरला आहे.