खानदेशातून जंजिऱ्याला : एक दिवस समुद्राचा, पण आधी हिशेब भरती-ओहोटीचा

दिवाळीनंतर थंडी पडू लागली की जळगाव-धुळ्याच्या मोहल्ल्यांत सहलीचे बेत सुरू होतात. दहा-बारा घरं मिळून ट्रॅव्हल्सची गाडी ठरवतात आणि पोरं म्हणतात, “या वेळी समुद्र!” मग नाव निघतं मुरूड-जंजिऱ्याचं. रात्री निघायचं, दिवसभर समुद्र आणि बेटावरचा किल्ला बघायचा, रात्री परत. एक दिवस पाण्यावर, दोन रात्री रस्त्यावर.

बेत चांगला आहे, जरूर जावं. फक्त एक गोष्ट आपण खानदेशी माणसांनी कबूल केली पाहिजे. आपल्याला तापी माहीत आहे, गिरणा आणि पांझरा माहीत आहे, पण समुद्र माहीत नाही. नदीचं पाणी एकाच दिशेनं जातं, समुद्राचं पाणी दिवसातून चार वेळा दिशा बदलतं. ही एवढीच गोष्ट नीट समजली तर सहल सुखाची होते. म्हणून आज आम्ही तिकीट-हॉटेलच्या गप्पा बाजूला ठेवून जरा पाण्याबद्दल बोलणार आहोत.

हाजी अलीचा रस्ता आठवा

मुंबईला गेलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी हाजी अलीच्या दर्ग्यात हजेरी दिलेली असते. तिथे कधी आपण कोरड्या रस्त्यानं चालत जातो, तर कधी रस्ताच पाण्याखाली असतो आणि लोक काठावर वाट बघत उभे असतात. हीच भरती आणि ओहोटी.

चंद्राच्या, आणि काही प्रमाणात सूर्याच्या, ओढीमुळे समुद्राचं पाणी चढतं-उतरतं. कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. पूर्ण भरतीपासून पूर्ण ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास जातात. रोज ही वेळ सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते. आज भरती दहाला असेल तर उद्या ती अकराच्या आसपास येईल.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते. तेव्हा पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. याला कोकणात उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास चढ-उतार कमी असतो, त्याला भांगाची भरती म्हणतात.

आपल्या घरातलं कॅलेंडर कामाला येतं

कोकणातले जुने लोक भरतीची वेळ बोटांवर काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याला पाऊणनं गुणायचं. जे उत्तर येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठ गुणिले पाऊण, म्हणजे सहा. सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती, दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी.

आपल्या घरात तिथीचं कॅलेंडर नसलं तरी चांदचं कॅलेंडर असतंच. हिजरी महिनाही चंद्रावरच चालतो. आपल्याकडे चांद बहुधा द्वितीयेला दिसतो, म्हणून चांदच्या तारखेत एक मिळवला की साधारण तिथी मिळते. चांदची 7 तारीख म्हणजे जवळपास अष्टमी. चांदची 14 म्हणजे पौर्णिमा, तिथी 15, पाऊणनं गुणलं की सव्वाअकरा. चांदची 22 असेल तर एक मिळवून 23, त्यातून 15 वजा करून 8, उत्तर पुन्हा सहा.

चांद एक दिवस मागे-पुढे दिसला तर वेळही तासाभरानं इकडे-तिकडे होते. म्हणून हा हिशेब फक्त बेत आखण्यासाठी. शेवटचा शब्द धक्क्यावरच्या नाखव्याचा आणि भरतीच्या तक्त्याचा. पण एवढं मात्र पक्कं ध्यानात ठेवा : चांदरात आणि चौदावीच्या आसपासचे दोन-तीन दिवस उधाणाचे, आणि सातवी-बाविसावीच्या आसपासचे दिवस त्या मानानं नरम. म्हातारी माणसं, लहान पोरं सोबत असतील तर नरम दिवस निवडा.

बोटीवरचा सगळ्यात नाजूक क्षण

जंजिरा रायगड जिल्ह्यात, मुरूडजवळच्या राजपुरी गावासमोर भर समुद्रात उभा आहे. राजपुरीच्या धक्क्यावरून बोटी सुटतात, त्यात शिडाच्याही असतात. अंतर फार नाही, वीसेक मिनिटांत किल्ल्याचा तट समोर येतो. दुरून दरवाजा कुठे आहे तेच कळत नाही, बोट अगदी जवळ गेल्यावर तो दिसतो.

आपल्याला वाटतं धोका मधल्या पाण्यात. खरं तर सगळ्यात नाजूक क्षण असतो बोटीतून पायरीवर पाय ठेवण्याचा. लाटेबरोबर बोट वर-खाली होत असते, पायरी मात्र जागच्या जागी. ओहोटी असेल तर शेवाळलेल्या पायऱ्या उघड्या पडतात आणि पाय सटकतो. उधाणाची भरती असेल तर बोट जास्त हिंदकळते. म्हणून घाई नको. बोट वर आली की नाखवा हात देतो, त्याच वेळी पाय टाकायचा. हातात मोबाईल नको, कडेवर मूल नको. मूल आधी नाखव्याच्या हाती द्या, मग स्वतः उतरा.

आपल्या आया-बहिणींसाठी एक गोष्ट खास सांगायची आहे, कारण ती कोणी सांगत नाही. लाइफ जॅकेट बुरख्याच्या वरून घालावं, आतून नाही. आतून घातलं तर पट्टे नीट आवळले गेले की नाही ते दिसत नाही आणि पाण्यात पडल्यावर कापड जॅकेटवरून डोक्यापर्यंत वर येतं. बुरख्याचा घेर पायात येऊ नये म्हणून उतरताना एका हातानं किंचित वर धरावा. पायात घसरणारी चप्पल नको, मागून पट्टा असलेली सँडल बरी.

लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट चालत नाही, पाण्यात ते गळ्यातून वर निघून जातं. मापाचं जॅकेट नसेल तर पुढच्या बोटीची वाट बघा. “भो, पाच मिनिटांचं तर पाणी आहे, कशाला पाहिजे जॅकेट?” असं म्हणणारा प्रत्येक गाडीत एक तरी असतो. त्याचं ऐकू नका.

दोन तारखा, ज्या विसरू नयेत

1 फेब्रुवारी 2016. पुण्याहून सहलीला आलेले महाविद्यालयाचे 14 विद्यार्थी मुरूडच्या समुद्रात बुडाले. त्यांत कितीतरी आपल्याच समाजाच्या घरांतली मुलं-मुली होत्या. त्या दिवशी चंद्र अर्धा होता, म्हणजे वर सांगितलेल्या हिशेबानं नरम पाण्याचा दिवस. उधाण नव्हतं, तरीही हे घडलं. म्हणून भरतीचा हिशेब बोटीसाठी आणि पायऱ्यांसाठी वापरा. समुद्रात पोहायला उतरण्याचा परवाना म्हणून तो वापरू नका. गिरणेच्या डोहात सूर मारणारा पोरगाही समुद्रात नवशिकाच असतो. नदीत दमलं तर काठ गाठता येतो. समुद्रात पायाखालची वाळू सरकते आणि परतणारं पाणी आत ओढतं. भिजायचंच असेल तर घोट्यापर्यंत, फार तर गुडघ्यापर्यंत, आणि तेही स्थानिक माणसाला विचारून.

18 डिसेंबर 2024. मुंबईच्या गेटवेवरून घारापुरीला, म्हणजे एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची वेगवान बोट धडकली. 15 जणांचा जीव गेला. प्रवाशांची चूक काहीच नव्हती. पण बोटीत बसताना जॅकेट अंगावर असणं का गरजेचं, ते त्या दिवशी सगळ्या महाराष्ट्राला कळलं. बोट उलटते तेव्हा सीटखालचं जॅकेट शोधून घालायला वेळ मिळत नाही.

बाहेरच्या जगातलंही एक उदाहरण बघा. थायलंडच्या फुकेत बेटाजवळ 5 जुलै 2018 रोजी ‘फिनिक्स’ नावाची सहलीची बोट वादळात बुडाली आणि 47 चिनी पर्यटक मेले. हवामानाचा इशारा आधीच दिलेला होता. म्हणून नाखवा “आज नाही” म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नका. पाचशे किलोमीटर आलो म्हणून समुद्र आपलं ऐकत नाही. पावसाळ्यात, साधारण मे अखेरपासून ऑगस्ट संपेपर्यंत, या बोटी बंदच असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ.

जायचं कसं

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गानं नाशिक, कसारा घाट, भिवंडी, पनवेल आणि तिथून पेण, अलिबाग करत मुरूड. अंतर सुमारे 450 किलोमीटर. जळगावकरांना त्यात 90-95 किलोमीटर जास्त. संध्याकाळी पाच-सहाला निघालं तर पहाटे पोचता येतं. चालक दोन असावेत. एकाच चालकाला दोन रात्री जागवणं हे समुद्रापेक्षा जास्त धोक्याचं आहे.

एवढा रस्ता झेपणार नसेल तर घारापुरीचा पर्याय आहे. जळगाव, चाळीसगावहून रात्रीच्या रेल्वेनं मुंबई गाठायची, सकाळी गेटवेवरून बोट, तासाभरात बेटावर, रात्रीच्या गाडीनं परत. लेणी सोमवारी बंद असतात, तेवढं लक्षात ठेवा.

नमाज, वजू आणि जेवण

हा प्रवास इतका लांबचा आहे की मुसाफिराची सवलत लागू होते. जोहर, अस्र आणि इशाचे चार फर्ज दोन होतात, मगरीब आणि फजर तशीच राहते. मात्र मुक्कामी इमामाच्या मागे उभं राहिलात तर पूर्ण चार पढायचे. समुद्राच्या पाण्यानं वजू होतो. बोटीत बसण्याची दुआ सूरह हूदमध्ये हजरत नूह यांच्या किश्श्यात आहे, ती पोरांना गाडीतच पाठ करून द्या.

एक फरक खानदेशातल्या माणसाला तिथे गेल्यावर जाणवतो. आपण बहुतेक हनफी, कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. म्हणून तिथे अस्रची अजान आपल्या सवयीपेक्षा लवकर होते. ऐकून गोंधळू नका. ताटातही हाच फरक दिसतो. शाफई मसलकात समुद्रातलं बहुतेक सगळं चालतं. हनफी मसलकात मासळी हलाल, खेकडा नाही आणि कोळंबीबद्दल उलेमांची दोन मतं आहेत. ज्याला जे पटतं ते त्यानं खावं, पण यजमानाच्या ताटाला नाव ठेवू नये. दोन्ही मसलक आपलेच आहेत.

शुक्रवारी जुम्म्याच्या वेळेला बोटींच्या फेऱ्या थांबतात. त्या दिवशी जायचं असेल तर सकाळी लवकर किल्ला उरकावा. बोटीवर जाण्याआधी पोटभर तेलकट नाश्ता नको. मळमळलं तर मोबाईलमध्ये न बघता लांब क्षितिजाकडे बघत बसा.

पोरांना काय दाखवाल

जंजिरा हा शब्दच अरबी ‘जझीरा’, म्हणजे बेट, यावरून आला. आधी इथे कोळ्यांचा लाकडी मेढेकोट होता. पुढे तो निजामशाहीकडे गेला, दगडी किल्ला उभा राहिला आणि आफ्रिकेतल्या हबशाहून आलेल्या सिद्दींनी इथे राज्य केलं. 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झालं, तोवर हा किल्ला कोणी लढून जिंकला नव्हता. आत कलालबांगडी तोफ आहे, पीराचं ठिकाण आहे आणि खाऱ्या समुद्राच्या मधोमध गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत. समोरच शिवाजी महाराजांनी सिद्दीला शह द्यायला बांधलेला पद्मदुर्ग दिसतो.

कोणी पोरांना सांगेल की ही हिंदू-मुसलमानांची लढाई होती. तर सांगा, महाराजांच्या आरमाराचा एक सरदार दौलतखान होता आणि 1679 साली तो खांदेरीला सिद्दी-इंग्रजांविरुद्ध लढला. लढाई समुद्र कोणाच्या ताब्यात राहावा याची होती.

आणि या किल्ल्याचं आपल्या खानदेशाशीही नातं आहे. आपली तापी थाळनेरवरून वाहत जाऊन सुरतजवळ समुद्राला मिळते. मोगल काळात त्याच सुरतेहून हजची जहाजं निघत आणि मोगलांच्या जहाजांच्या रक्षणाचं काम सिद्दींच्या आरमाराकडे होतं. ज्या समुद्राला आपण परका समजतो, त्या समुद्रावरून आपले पूर्वज हजला गेले आहेत, तेही महिनोन्‌महिने.

परतीच्या बोटीत बसलात की एकदा डोकी मोजा. धक्क्यावर उतरल्यावर पुन्हा मोजा आणि गाडी सुटण्याआधी तिसऱ्यांदा मोजा. जितके निघाले तितके घरी पोचले, तर सहल चांगली झाली. अल्लाह सगळ्यांची सफर आसान करो.