विश्लेषण : ताडोबा सफारीचे बुकिंग खरे की बनावट? पैसे भरण्यापूर्वी काय तपासाल?

सुट्या जवळ आल्या की ताडोबाच्या शनिवार-रविवारच्या सफारी भराभर भरतात. जागा मिळत नाही, हाती मोबाइल असतो आणि समोर ‘हमखास परवाना’ देणारी जाहिरात येते. पैसे गेल्याचे अनेकदा प्रवेशद्वारावर पोहोचल्यावरच कळते. सफारी असो, साडी असो वा मोबाइल, ऑनलाइन खरेदीतील फसवणुकीची रीत सारखीच असते.

ताडोबाच्या बुकिंगचा पत्ता का बदलला?

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे ऑनलाइन बुकिंग पूर्वी चंद्रपुरातील एका खासगी एजन्सीकडे होते. पर्यटकांकडून घेतलेल्या रकमेपैकी सुमारे १२ कोटी १५ लाख रुपये ताडोबा प्रतिष्ठानकडे भरलेच नाहीत, असा आरोप एजन्सीवर झाला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पोलिसांत गुन्हा दाखल झाला. त्यानंतर बुकिंग वन विभागाच्या सरकारी संकेतस्थळावर आले. ‘मायताडोबा डॉट महाफॉरेस्ट डॉट जीओव्ही डॉट इन’ हा तो पत्ता. जुना पत्ता ‘डॉट ओआरजी’ने संपणारा होता. त्या प्रकरणात नुकसान प्रतिष्ठानचे झाल्याचा आरोप होता. बनावट संकेतस्थळावर मात्र थेट पर्यटकाचाच खिसा कापला जातो.

खरा पत्ता कसा ओळखायचा?

पत्ता शेवटाकडून वाचा. पहिल्या तिरप्या रेघेच्या आधी येणारा शेवटचा भाग महत्त्वाचा. तिथे ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ असेल, तर संकेतस्थळ सरकारी. हा पत्ता सरकारी यंत्रणांनाच मिळतो. ‘डॉट कॉम’, ‘डॉट ओआरजी’ किंवा नुसते ‘डॉट इन’ कोणीही विकत घेऊ शकतो. त्यामुळे नावात ‘ताडोबा’, ‘ऑफिशियल’ किंवा ‘गव्हर्नमेंट’ असणे हा पुरावा नव्हे. ‘जीओव्ही’च्या आधी टिंबाऐवजी आडवी रेघ असेल, तरीही सावध व्हा.

पत्त्याशेजारच्या कुलपाच्या चिन्हावर विसंबू नका. तुम्ही भरलेली माहिती वाटेत कोणी वाचू शकत नाही, एवढेच ते सांगते. ती माहिती ज्याच्याकडे पोहोचते तो प्रामाणिक आहे, याची हमी ते देत नाही. गुगलवर सर्वांत वर दिसणारा दुवाही अनेकदा ‘प्रायोजित’, म्हणजे पैसे देऊन लावलेली जाहिरात असतो.

बनावट बुकिंगच्या खुणा कोणत्या?

ताडोबाचा गाभा भाग पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर, पर्यटनासाठी बंद असतो. बफरमध्ये सफारी सुरू राहते. मंगळवारी गाभ्यात सफारी नसते. अशा दिवशी मोहर्ली किंवा कोलारा प्रवेशद्वाराची गाभ्यातील सफारी कोणी विकत असेल, तर तिथेच थांबा.

परवान्यावर पर्यटकाचे नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक असतो. प्रवेशद्वारावर तो मूळ ओळखपत्राशी ताडून पाहतात. त्यामुळे ‘दुसऱ्याच्या नावाचा परवाना आहे, चालून जाईल’ हे खोटे. ‘दोनच जागा उरल्यात, दहा मिनिटांत पैसे टाका’ ही घाई विचार करायला वेळ मिळू नये म्हणूनच असते.

पैसे भरताना काय पाहावे?

यूपीआयचा पिन टाकण्याआधी पडद्यावर पैसे घेणाऱ्याचे नाव दिसते. बुकिंग सरकारी किंवा रिसॉर्टचे असल्याचे सांगितले जाते आणि नाव भलत्याच व्यक्तीचे येते, तर व्यवहार रद्द करा. परतावा मिळवण्यासाठी पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. ‘बुकिंग पक्के करण्यासाठी’ व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल उघडू नका. मोबाइलचा पडदा समोरच्याला दाखवणारे अ‍ॅपही घेऊ नका.

खासगी दुकानांसाठी नियम आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्री संकेतस्थळाने आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क देणे बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिनाभरात व्हायला हवे. फक्त व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक देणाऱ्या दुकानातून आगाऊ पैसे भरून खरेदी न केलेली बरी.

फसवणूक झाली तर?

पहिला फोन १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर करा. तक्रार नोंदली गेली की पैसे ज्या बँकेत गेले तिला कळवले जाते आणि रक्कम काढली गेली नसेल, तर रोखता येते. भामटे रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात झपाट्याने फिरवतात. म्हणून आधी नातेवाइकांना विचारत बसू नका. या फोनला इंटरनेट लागत नाही. भामरागड, एटापल्लीकडे असाल, तर रेंज मिळताच लावा.

व्यवहाराचा क्रमांक, रक्कम, तारीख आणि वेळ हाताशी ठेवा. संदेश पुसू नका, पडद्याची छायाचित्रे काढून ठेवा. नंतर ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’वर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या.

बँकेलाही लगेच कळवा. ओटीपी किंवा पिन ग्राहकानेच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान ग्राहकाचे आणि कळवल्यानंतर खात्यातून गेलेल्या रकमेची जबाबदारी बँकेची, असे रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात म्हटले आहे. वस्तू खराब निघाली किंवा दुकानदार परत घेईना, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर दाद मागता येते.

फसवणूक झाल्याची लाज वाटून लोक गप्प बसतात आणि पैसे परत मिळण्याचा वेळ निघून जातो. घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये १९३० हा क्रमांक आजच साठवून ठेवा.