चाकातल्या हवेचा हिशेब



मागच्या मे महिन्यात आम्ही गाडीने इंदूरहून सेंधव्यामार्गे नाशिकला निघालो. निघताना चाकांत ३२ पॉइंट हवा होती. दुपारी धुळ्याजवळ तपासली तर ३७! हवा भरणारा मुलगा म्हणाला, "काका, जास्त झालीय, काढू का?" मी हो म्हटले. दुसऱ्या दिवशी सकाळी नाशिकला पाहतो तो फक्त २८. जन्म बँकेत गेला, त्यामुळे हिशेब जुळेपर्यंत चैन पडेना.

वायूच्या खात्यात चार नोंदी असतात : दाब, आकारमान, तापमान आणि वायूचे प्रमाण. वायू तेवढाच व तापमान तेच ठेवून आकारमान निम्मे केले, की दाब दुप्पट होतो. हे रॉबर्ट बॉइल यांनी १६६२ मध्ये मांडले. आकारमान तेच ठेवून वायू तापवला किंवा जास्त भरला, तरी दाब वाढतो. सगळे मिळून सूत्र असे :

दाब × आकारमान = प्रमाण × स्थिरांक × तापमान

यात दोन पथ्ये आहेत. तापमान केल्व्हिनमध्ये घ्यायचे, म्हणजे सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवायचे. आणि हवेचा मीटर बाहेरच्या वातावरणापेक्षा जास्त असलेला दाबच दाखवतो, म्हणून त्यात वातावरणाचे सुमारे १४ पॉइंट मिळवायचे.

आता माझा हिशेब पाहा. सकाळी चाकातली हवा २७ अंश, म्हणजे ३०० केल्व्हिन; खरा दाब ३२ + १४ = ४६. पळून पळून ती ५७ अंशांवर, म्हणजे ३३० केल्व्हिनवर गेली असे धरू. वाढ दहा टक्के. टायरचे आकारमान फारसे बदलत नाही, म्हणून दाबही दहा टक्के वाढून ५०.६ झाला. त्यातून १४ वजा केले की मीटरवर जवळजवळ ३७. हवा एक कणही वाढली नव्हती! ती काढून मी प्रमाणच घटवले. रात्री चाक गार झाल्यावर ४६ भागिले १.१, म्हणजे ४१.८, वजा १४, उरले २८.

कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि वेगात फुटू शकतो. दारापाशी चिकटवलेला कंपनीचा आकडा गार चाकासाठीच असतो. तेव्हा सुट्टीत गावी निघताना हवा सकाळी, गाडी पळण्याआधी तपासा. वाटेत दोन-चार पॉइंट वाढलेले दिसले, तर ती काढू नका.