मेंढरांच्या डोंगरावरची धावपट्टी

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर वायरारापा, व्हांगानुई, किंग कंट्री या भागांत फिरताना एखाद्या डोंगरधारेवर गवताचा आखूड, लांबट पट्टा दिसतो. वरच्या टोकाला गंजक्या पत्र्याचं कोठार, खालच्या टोकाला थेट दरी. मध्ये मेंढ्या चरताहेत. मनोरा नाही, दिवे नाहीत, कुंपणही धड नाही. पण हा विमानतळ होता, आणि चांगल्या हवेत इथून दर काही मिनिटांनी विमान उडायचं.

कुठे जायचं नसायचंच. समोरच्या उतारावर सुपर फॉस्फेट हे खत टाकायचं आणि परत यायचं. जंगल तोडून केलेली ही कुरणं. मातीत स्फुरद मुळात कमी. गवत विरळ झालं की झुडपं माजायची, आणि उभ्या चढावर पोती वाहून खत फोकायला माणसं आणायची कुठून? 1948 मध्ये हवाई दलाने ओहाकेया तळावर अ‍ॅव्हेंजर विमानातून खत टाकून पाहिलं. 1949 मध्ये खासगी टायगर मॉथ विमानं कामाला लागली. दुसऱ्या महायुद्धातून परतलेले वैमानिक हाताशी होते, जुनी विमानं स्वस्त होती, आणि कोरियन युद्धाने लोकरीचे भाव भडकले तेव्हा शेतकऱ्यांच्या खिशात पैसाही खुळखुळू लागला. मग बुलडोझरने माथे खरवडून पट्ट्या निघाल्या.

पट्टी मुद्दाम उतरती. विमान चढावर उतरायचं, म्हणजे वेग आपोआप मोडायचा. वरती वळायचं, लोडर खताची बादली टाकीत रिकामी करायचा, वैमानिक जागचा हलायचा नाही. मग उताराने सुसाट खाली, आणि पट्टी संपताच दरीवर तरंगायचं. याच कामासाठी आखलेलं फ्लेचर विमान 1954 मध्ये पहिल्यांदा उडालं. वजन पेललं नाही तर एक दांडा ओढून सगळं खत क्षणात खाली सोडायची सोय त्यात होती. तरीही या धंद्यात बरेच वैमानिक गेले. खत दमट झालं तर टाकीतून सुटायचं नाही, म्हणून ते पत्र्याचं कोठार. उड्डाणाआधी मेंढ्या हाकलायच्या, हे वेगळं सांगायला नको.

1984 मध्ये आलेल्या लेबर सरकारने शेतीची बहुतेक अनुदानं काढून घेतली. मग शेतकऱ्यांनी पहिली कात्री लावली ती खताला. मेंढ्यांचं पोट लगेच दिसतं, मातीचं दिसत नाही. सरकारने या पट्ट्या मारल्या असं म्हणणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. त्या स्वतःच्या हिशेबावर उभ्या होत्याच कधी? कितीतरी वर्षं फॉस्फेट यायचं नाउरू बेटावरून, तेही तिथल्या लोकांची जमीन कवडीमोलाने खणून. मेंढ्या 1982 मध्ये सात कोटींवर होत्या. आज अडीच कोटींहूनही कमी. कित्येक कुरणांवर आता रेडिआटा पाइन उभा आहे, आणि त्याला मेंढरांच्या कुरणासारखा सुपर फॉस्फेटचा रतीब लागत नाही.

विमानाने खत टाकणं थांबलेलं नाही. पण हेलिकॉप्टरला धावपट्टी नको, आणि टर्बाइनची जड विमानं लांब, घट्ट पट्टी मागतात. आसपासच्या शेतांत मिळून अशी एखादी असली तरी भागतं. मात्र खताचा ट्रक ट्रेलरसकट तिथवर चढला पाहिजे. बुलडोझरने कोरलेल्या जुन्या वाटांवर तो चढत नाही.