गिरगावची मंडळे: फळा, वर्गणीचे पुस्तक आणि कार्यकर्ते

दक्षिण मुंबईतील गिरगावात वस्तीची बातमी घरोघर पोहोचवणे आणि त्या बातमीमागून येणारे काम अंगावर घेणे या दोन्ही गोष्टी शतकाहून अधिक काळ एकच संस्था करत आली आहे. ती म्हणजे चाळीचे किंवा वाडीचे सार्वजनिक मंडळ. नोंदणीच्या कागदावर त्याचे नाव बहुधा ‘सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ’ असे असते. उत्सव मात्र वर्षातले दहा-अकरा दिवस चालतो. उरलेल्या काळात मंडळ पाणी, आजारपण, मर्तिक, मुलांच्या वह्या आणि घरमालकाकडे न्यायची गाऱ्हाणी यांत गुंतलेले असते.

ठाकूरद्वार, मुगभाट, फणसवाडी, कांदेवाडी, केळेवाडी, खोताची वाडी अशा वाड्या आणि गल्ल्यांचा हा भाग. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईचा व्यापार वाढला. फोर्टातल्या कचेऱ्यांत कारकुनी करणारी, छापखान्यांत आणि दुकानांत राबणारी माणसे कोकणातून आणि देशावरून येऊन येथे राहिली. त्यांच्यासाठी चाळी उभ्या राहिल्या. लाकडी जिना, एक-दोन खोल्यांची बिऱ्हाडे, समोरून जाणारी सामाईक गॅलरी, टोकाला नळ आणि संडास अशी त्यांची रचना होती. या रचनेने मंडळ घडवले, हे सांगितल्याशिवाय त्याची ओळख पुरी होत नाही. पाणी आले की सगळ्या मजल्याला कळते. एखाद्या घराचे दार सकाळी उघडले नाही तर शेजारी कडी वाजवतात. मंडळाने फक्त या आयत्या जाळ्याला चिटणीस आणि खजिनदार दिले.

त्याचा सर्वांत जुना आणि ठसठशीत नमुना खाडिलकर मार्गावरील केशवजी नाईक चाळींत आहे. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत मोठा दंगा झाला. त्याच वर्षी लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेने येथे सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला आणि तो मुंबईतला पहिला मानला जातो. १९०१ मध्ये टिळकांनी स्वतः या उत्सवाला भेट दिली. शहरात पुढे वीस-पंचवीस फुटांच्या मूर्तींची चढाओढ लागली, तरी या चाळींनी लहानशी शाडूची मूर्ती आणि पालखीतून विसर्जन ही रीत सोडली नाही. देखावा आवरता ठेवल्यामुळे व्याख्याने, स्पर्धा आणि रहिवाशांचे कार्यक्रम यांना उत्सवात जागा राहिली. आज पर्यावरणाच्या नावाने जे नव्याने सांगितले जाते, ते या चाळींत साध्या सवयीने टिकले, याचे श्रेय त्यांना मोकळेपणाने द्यायला हवे.

ज्यांच्या नावाने हा रस्ता ओळखला जातो ते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर नाटककार होते आणि ‘केसरी’त टिळकांचे सहकारी होते. त्यांनी १९२३ मध्ये ‘नवाकाळ’ सुरू केला. गिरगावातून निघणारे हे दैनिक चाळीतल्या मराठी वाचकाचा हक्काचा पेपर ठरले. १९३५ मध्ये डॉ. अ. ना. भालेराव यांच्या पुढाकाराने मुंबई मराठी साहित्य संघ स्थापन झाला आणि केळेवाडीत रुजला. छापखाना, नाट्यगृह, शाळा आणि व्याख्यानाचे व्यासपीठ पायी पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर असल्याने मंडळाच्या कार्यकर्त्याला वक्ता शोधायला किंवा पत्रक छापायला लांब जावे लागत नसे. गिरगावच्या सार्वजनिक जीवनाला आलेली धार या शेजारामुळे आली.

मंडळाची रोजची ओळख म्हणजे जिन्याखाली किंवा वाडीच्या तोंडाशी टांगलेला फळा. वर मंडळाचे नाव रंगाने कायमचे लिहिलेले असते आणि खालचा मजकूर खडूने लिहायचा व पुसायचा असतो. लिहिण्याचे काम सुवाच्य अक्षराच्या एखाद्या कार्यकर्त्याकडे वर्षानुवर्षे राहते. ‘उद्या सकाळी पाणी येणार नाही, सर्वांनी साठा करून ठेवावा’, ‘रविवारी सर्वसाधारण सभा, उपस्थिती प्रार्थनीय’, ‘दहावी-बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांनी गुणपत्रिकेची प्रत आणून द्यावी’ असा त्याचा मजकूर असतो. वर्तमानपत्राच्या बातमीत जे वाचून सोडून देता येते, ते फळ्यावर सोडून देता येत नाही. प्रत्येक ओळ वाचणाऱ्याला काहीतरी करायला सांगत असते.

हे सर्वांत स्पष्ट दिसते ते मृत्यूच्या वेळी. ‘दुःखद निधन’ या दोन शब्दांखाली नाव, खोली क्रमांक आणि अंत्ययात्रा निघण्याची वेळ लिहिली जाते. खडूची अक्षरे उमटेपर्यंत चार जण कामाला लागलेले असतात. एक डॉक्टरांचा दाखला आणायला जातो, दुसरा बांबू, मडके आणि पांढरे कापड घेऊन येतो, तिसरा चंदनवाडी स्मशानभूमीत वेळ ठरवतो, चौथा नातेवाइकांना फोन करतो. घरच्यांकडे त्या दिवशी कोणी पैसे मागत नाही. हिशेब नंतर होतो. अरुंद, वळणाच्या लाकडी जिन्यावरून तिरडी खाली आणायची रीत जुने कार्यकर्ते नव्यांना हाताला धरून शिकवतात. मंडळात आलेल्या तरुणाची खरी परीक्षा मांडवात नव्हे, येथे होते.

पैशांची बाजू वर्गणीच्या पावती पुस्तकावर चालते. दोन-तीन जण मिळून दारोदार जातात, म्हणजे एकाचा शब्द दुसऱ्याच्या कानावर राहतो. मोठी मंडळे धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली असतात. नोंदणी नसलेल्यांना उत्सवापुरती वर्गणी गोळा करण्यासाठी त्यांची परवानगी घ्यावी लागते. मांडवासाठी महापालिका, पोलीस आणि अग्निशमन दल यांच्याकडे अर्ज करावे लागतात. उत्सव संपला की अहवाल छापतात. ही पातळशी पुस्तिका मंडळाची सर्वांत मोलाची निर्मिती आहे. तिच्यात जमाखर्च असतो, कोणी किती वर्गणी दिली याची खोलीनिहाय यादी असते, गुणवंत विद्यार्थ्यांची नावे, दिवंगतांना श्रद्धांजली आणि कोपऱ्यावरच्या वाण्यापासून डॉक्टरांपर्यंत सर्वांच्या जाहिराती असतात. शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेला असा लेखी हिशेब हाच मंडळावरच्या विश्वासाचा पाया आहे. ज्या मंडळांनी अहवाल छापणे सोडले, तेथे कुरबुरी वाढतात आणि त्या रास्तच असतात.

स्त्रियांचा वाटा मात्र कागदावर फार कमी दिसतो. रांगोळी, प्रसाद, हळदीकुंकू, आजारी घरी डबा पोहोचवणे ही कामे त्यांनीच केली. कार्यकारिणीच्या यादीत पदे पुरुषांची राहिली. अलीकडे गुढीपाडव्याच्या शोभायात्रेने त्या चौकटीला धक्का दिला. डोंबिवलीत १९९९ मध्ये सुरू झालेल्या नववर्ष स्वागत यात्रेच्या धर्तीवर गिरगावातही यात्रा निघू लागली. फडके गणपती मंदिरापासून नऊवारीत दुचाकीवर निघणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे दरवर्षी छापून येतात. त्याआधी कित्येक दिवस चालणाऱ्या तयारीच्या बैठकांत स्त्रिया निर्णय घेतात, ही त्याहून मोठी बातमी आहे.

वस्तीवर किंवा शहरावर वेळ आली की हीच फळी कामाला येते. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत गिरगाव आघाडीवर होते. मोर्चा, सभा आणि संचारबंदीची खबर गल्लीगल्लीतून तोंडोतोंडी पसरत असे. २०२० च्या साथीत सार्वजनिक मूर्तींना चार फुटांची मर्यादा आली. तेव्हा मुंबईतल्या अनेक मंडळांनी मांडवाऐवजी रक्तदान शिबिरे भरवली आणि शिधा वाटला. अनंत चतुर्दशीला गिरगाव चौपाटीवर शहरभरातून मूर्ती येतात. त्या रात्री पाणी वाटणे, चुकलेली मुले सांभाळणे, निर्माल्य वेगळे करणे यासाठी जागोजागी स्वयंसेवक उभे असतात.

या संस्थेसमोरची अडचण इमारतींची आहे. जुन्या भाड्याच्या चाळी मोडकळीस आल्या, पुनर्विकास लांबला आणि कुटुंबे बोरिवली, डोंबिवली, विरारकडे गेली. मेट्रो तीनच्या कामासाठीही येथील काही इमारती रिकाम्या कराव्या लागल्या. ही मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली आणि गिरगावला स्वतःचे स्थानक मिळाले. गेलेली कुटुंबे गणपतीत परत येतात, वर्गणी देतात, आरतीला उभी राहतात. पण रात्री दोन वाजता कडी वाजवायला ती जवळ नसतात. नव्या मनोऱ्यात गॅलरी नसते. सूचना मोबाइलवरच्या गटात येते आणि अंगठ्याच्या चिन्हावर संपते.

परदेशातल्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न आधीच भेटला आहे. उदाहरणार्थ, अबू धाबी शहरापासून सुमारे २४० किलोमीटर पश्चिमेला रुवैस येथे १९८० च्या दशकाच्या आरंभी तेलशुद्धीकरण कारखाना आला आणि त्याच्याभोवती कर्मचाऱ्यांची वसाहत वाढली. नोकरी संपली की घर सुटते, अशा जागी पिढ्यांची चाळ उभी राहत नाही. शिवाय संयुक्त अरब अमिरातीत स्वयंसेवेसाठी २०१८ चा आणि देणग्यांसाठी २०२१ चा संघीय कायदा आहे. पैसे गोळा करण्याचा अधिकार परवाना असलेल्या संस्थांनाच आहे. गिरगावातल्यासारखे पावती पुस्तक घेऊन दारोदार फिरणे तेथे गुन्हा ठरू शकतो. तेव्हा अशा वसाहतीत गिरगावकडून घेण्याजोगे आहे ते वर्गणीचे तंत्र नव्हे. नवे कुटुंब आले की पहिल्या दिवशी जेवण पोहोचवणे, रुग्णालयात सोबत जाणे, शाळेची माहिती देणे हे घेण्याजोगे आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

गिरगावातल्या पुनर्विकासाच्या आराखड्यांत वाहनतळाला जागा मिळते. मंडळाच्या खोलीला आणि फळ्याला ती रहिवाशांनी मागून घ्यावी लागेल, आणि करारावर सही करण्याआधीच. दुसरे काम त्याहून सोपे आहे. घरे रिकामी करताना माळ्यावरचे जुने अहवाल रद्दीत जातात. एका वाडीत कोण राहत होते, काय कमवत होते, कशासाठी पदरमोड करत होते याची एवढी सलग नोंद दुसरीकडे क्वचितच सापडेल. ज्यांच्याकडे असे अहवाल असतील त्यांनी ते आपल्या मंडळाकडे किंवा जवळच्या ग्रंथालयात आणून द्यावेत.